खूण खोटी चालत नाही

उद्या बॉइसीच्या कोर्टात कुणीही हसायचं नाही, असं फेलिसानं मटणाचं पातेलं टेबलावर आपटत जाहीर केलं, आणि पहिली हसली ती तिची मुलगी बेगोन्या.

"तुलाच सांगतेय," फेलिसा म्हणाली. "नाताळच्या फोटोत गाढवाला टोपी कुणी घातली होती? आता तो फोटो सरकारकडे आहे. पुरावा म्हणून."

"टोपी बाबांची होती. आणि कोंचाला ती छान दिसत होती."

"दिसतेच तिला," म्हातारा यूस्ताकियो पावाचा तुकडा रश्श्यात बुडवत म्हणाला. "कान लांब असले की टोपी बसते कशी बघ."

नेकानेनं काटा खाली ठेवला. "आजोबा, हेच. नेमकं हेच उद्या बोलायचं नाहीये."

गोइकोलेया घराण्यानं आयडाहोच्या या डोंगरांत मेंढ्यांशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. मुलगा रामोन कळप सांभाळायला लागला तेव्हा यूस्ताकियोनं, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, गाढवं पाळायला काढली. कल्पना वाईट नव्हती. कळपात एक गाढव सोडलं की कोल्हेकुत्री जवळ येत नाहीत, तेव्हा राखणीची गाढवं तयार करायची आणि मेंढपाळांना विकायची. पण यूस्ताकियोनं ती हातानं भरवली, त्यांच्यासाठी गाणी म्हटली, सगळ्यांना बायकोच्या भावंडांची नावं दिली. असं लाडावलेलं गाढव दुसऱ्याच्या कळपात गेलं की मेंढ्यांकडे पाठ करून कुंपणाशी उभं राहायचं आणि माणसाची वाट बघायचं. कोल्हे मागच्या मागे मेंढी न्यायचे. गाढव परत यायचं. म्हातारा त्याला मिठी मारायचा.

हा तोटा दर वर्षी कराच्या हिशेबात धंद्यातला तोटा म्हणून लिहिला जायचा. यंदा सरकार म्हणालं की हा धंदा नाही, ही हौस आहे. भांडण एवढ्या एका शब्दाचं होतं. आणि निकाल 'हौस' असा लागला तर ट्रक बोलावून सगळी गाढवं लिलावात काढीन, असं रामोननं बापाच्या तोंडावर सांगून टाकलं होतं.

"मला हे कोर्ट पुन्हा एकदा सांग," यूस्ताकियो नातीला म्हणाला. त्याला ते आधीच तीनदा सांगून झालं होतं, पण ऐकायला मजा यायची.

"न्यायाधीशबाई वॉशिंग्टनहून विमानानं येतात. इथे कुणाची तरी कोर्टाची खोली मागून घेतात, आठवडाभर फक्त कराचे खटले ऐकतात आणि परत जातात. ज्यूरी नाही. खून नाही, चोऱ्या नाहीत, घटस्फोट नाहीत. संसदेनं हे कोर्ट एवढ्यासाठीच काढलंय."

"म्हणजे इतकी मोठी माणसं एका जागी बसली, त्यांनी हात वर केले आणि माझ्या गाढवांसाठी कोर्ट काढलं." म्हाताऱ्यानं मान डोलावली. "उरलेल्या देशासाठी काय काढलं मग?"

नेकाने हसली नाही. ती रामोनची मुलगी, हिशेबनीस, वकील नव्हे. पण वकील नसलेल्यांसाठी हे कोर्ट स्वतःची परीक्षा घेतं, ती पास होऊन तिनं उभं राहायचा परवाना मिळवला होता आणि हा तिचा पहिला खटला होता. तिनं खुर्ची मागे सारली, केस बांधले आणि सरकारी वकिलाचा आवाज काढला.

"मिस्टर गोइकोलेया, गाढवांबरोबर वेळ घालवताना तुम्हाला आनंद होतो का?"

"आनंद? गाढवं आहेत ती. लाथा मारतात. वास मारतात."

"छान. त्यांच्याशी बोलता का?"

"गाढवाशी कोण बोलतं?"

नेमकं त्याच वेळी बाहेर कोंचानं खच्चून आवाज दिला. यूस्ताकियोनं मान वळवली आणि खिडकीतून आपल्या बास्क भाषेत काहीतरी लांबलचक, अतिशय प्रेमळ असं ओरडून सांगितलं. बाहेरचा आवाज थांबला. मग त्यानं तोंड पुसलं आणि नातीकडे पाहिलं. "हां. पुढचा प्रश्न?"

बेगोन्या टेबलाखाली गेली, रुमाल पडला म्हणून.

"आपण हरलो," नेकाने म्हणाली.

"हरत नाही कुणी," फेलिसा म्हणाली. "ताटं उचला. पत्ते काढा."

*

मुस हा खेळ चौघांचा. समोरासमोर बसलेले दोघे भिडू. आणि या खेळात भिडूला खुणा करायची उघड मुभा आहे. हातात दोन राजे असतील तर खालचा ओठ चावायचा, दोन एक्के असतील तर जिभेचं टोक दाखवायचं. पत्त्यांची बेरीज एकतीस झाली, म्हणजे हाताला सोनं लागलं, की एक डोळा मिचकावायचा. हातात काहीच नसेल तर दोन्ही डोळे मिटायचे. समोरच्या जोडीनं खूण पकडली तर ते त्यांचं नशीब. तोंडानं वाट्टेल त्या थापा मारा, बढाया मारा, पण खूण खोटी करायची नाही. खोटी खूण करणाऱ्याला पुन्हा कुणी टेबलावर बसवत नाही.

फेलिसा आणि यूस्ताकियो लग्नाच्या आधीपासून भिडू होते. नेकाने आतल्या खोलीत उद्याचे कागद लावत होती. रामोन पाणी प्यायला उठला तेवढ्यात फेलिसा पुढे वाकली.

"ताकियो, उद्या तू माझ्याकडे बघायचं. मी डोळे मिटले की हात रिकामा समजायचं आणि 'नाही' म्हणायचं. डोळा मिचकावला की 'हो'. बाकी एक शब्द नाही."

"खूण खोटी होईल गं."

"माझी खूण आहे, तू कशाला घाबरतोस? आणि तू तोंडानंच बोलणार आहेस. तोंडानं चालतं."

यूस्ताकियोनं विचार केला. हा युक्तिवाद त्याला फारसा पटला नाही, पण भिडूशी वाद घालायची त्याला सवय नव्हती. बेगोन्यानं सगळं ऐकलं होतं. ती आईकडे बघून म्हणाली, "नेकानेला सांगू नकोस. ती प्रामाणिक आहे, बिचारी."

*

रामोन पाणी पिऊन लगेच परत आला नाही. तो मागच्या दारानं गाढवांच्या वाड्याकडे गेला, कुंपण तपासायला. कुंपण ठीक होतं हे त्याला माहीत होतं.

ट्रकवाल्याशी त्याचं बोलणंसुद्धा झालं होतं. हे त्यानं नेकानेला सांगितलं नव्हतं, आणि बापाला सांगायचा प्रश्नच नव्हता. खरं सांगायचं तर उद्या हरलो तर बरंच, असं त्याला अधूनमधून वाटत होतं, आणि वाटलं की स्वतःचीच लाज वाटत होती.

थोड्या वेळानं म्हातारा आला. रामोन चाऱ्याच्या ढिगाआड उभा होता. यूस्ताकियोनं कोंचाच्या मानेवर हात टाकला आणि बोलायला सुरुवात केली. सावकाश, मध्येच हसत, मध्येच थांबून तिचं मत विचारत. स्पेनमधल्या बिझ्कायातलं गाव, आईची परसबाग, सतराव्या वर्षी इथे आल्यावर डोंगरावर काढलेला पहिला उन्हाळा. दोन हजार मेंढ्या, एक कुत्रा आणि सामान वाहणारं एक गाढव. त्या गाढवाला आपली भाषा यायची, असं तो नेहमी सांगे. त्या गाढवाशिवाय तिथे कुणालाच ती येत नव्हती.

रामोनला यातले मोजके शब्द कळले. त्याला या भाषेत जेवणाचे पदार्थ येत होते, शिव्या येत होत्या आणि मेंढ्यांना द्यायचे हुकूम येत होते. लहानपणी बाप सहा-सहा महिने डोंगरात असायचा आणि घरी आला की जेवून झोपायचा. एवढं सलग तो रामोनशी आयुष्यात कधी बोलला नव्हता. गाढवाचा हेवा वाटावा हे काही चांगलं लक्षण नव्हे, असं स्वतःला बजावून रामोन घरात गेला आणि पत्त्यांत सणसणीत हरला.

*

सरकारी वकिलाचं नाव प्रूइट होतं. किडकिडीत, चष्मा घातलेला, पाण्याचा पेला सारखा तोंडाला लावणारा माणूस. नेकानेला तो पाहून हायसं वाटलं. न्यायाधीशबाई थॉर्नबरी मात्र कागदावरून नजर न उचलता सगळं बघतात, अशी तिला शंका आली.

यूस्ताकियोनं शपथ घेतली. लग्नातला कोट घातला होता. फेलिसा पहिल्या बाकावर, बरोबर त्याच्या समोर.

"या गाढवांना नावं आहेत?" प्रूइटनं विचारलं.

"ओळखायला."

"कुणाची नावं?"

"बायकोच्या भावंडांची."

"तीच का?"

फेलिसानं डोळे मिटले.

"नाही," यूस्ताकियो म्हणाला.

"काय नाही?"

"आठवत नाही."

नेकाने कागदांकडे बघत राहिली. आजोबा आज शहाण्यासारखे वागत होते. एवढे शहाणे ते कधी झाले, हेच तिला समजेना.

"त्यांच्याशी बोलता?"

डोळे मिटलेले. "नाही."

"गाणी म्हणता?"

"नाही."

प्रूइट पाणी प्यायला. "ही गाढवं विकायला आहेत?"

फेलिसानं डोळा मिचकावला. "हो."

"प्रत्येक?"

"प्रत्येक."

"ही टोपी घातलेली, कोंचा, हीसुद्धा?"

यूस्ताकियोनं समोर पाहिलं. फेलिसा डोळा मिचकावत होती, एकदा, दोनदा, मग चांगला जोर लावून. "कोंचासुद्धा," तो म्हणाला.

प्रूइट मागे वळला. त्यानं फेलिसाकडे पाहिलं आणि चष्मा नाकावर नीट बसवला.

"बाई," न्यायाधीशबाई वर न बघताच म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यात काही गेलंय का?"

"वय झालं, साहेब," फेलिसा म्हणाली.

"एकतीस, युवर ऑनर," प्रूइट म्हणाला. "ती एकतीसची खूण आहे. त्याआधी दोन्ही डोळे मिटले होते. मला वाटलं प्रार्थना करतायत, पण तो रिकामा हात होता."

शेवटच्या बाकावरून बेगोन्याचा खोकल्यासारखा आवाज आला. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला आणि प्रूइटकडून मुसचे सगळे नियम समजून घेतले. त्याला ते इतके तपशीलवार कसे माहीत, हे त्या क्षणी विचारायचं कुणाला सुचलं नाही. नेकाने उभी राहिली, पुन्हा बसली. तिचा परवाना जेमतेम वर्षाचा होता आणि बहुतेक आज संपणार होता.

"मिस गोइकोलेया, तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही, युवर ऑनर."

"तिला नव्हतं," फेलिसा बाकावरून म्हणाली. "ती प्रामाणिक आहे."

"तुमच्याकडे मी नंतर येते." न्यायाधीशबाई यूस्ताकियोकडे वळल्या. "मिस्टर गोइकोलेया, तुम्ही शपथेवर आहात. आता बायकोकडे न बघता सांगा, आधीची उत्तरं बदलायची आहेत का?"

यूस्ताकियोनं हात गुडघ्यांवर ठेवले. "बोलतो मी त्यांच्याशी," तो म्हणाला. "रोज. गातोही. माझा आवाज चांगला नाही, पण त्यांचाही नाही. नावं ठेवली कारण हिची भावंडं लग्नाला आली नव्हती, तेव्हा म्हटलं निदान अशी तरी येतील. मेव्हणे आता गेले सगळे, पण गाढवं आहेत."

"आणि आनंद होतो का?" प्रूइटनं विचारलं. आवाज खाली आला होता. "तोंडानं नको. तोंडानं काहीही बोलता येतं."

यूस्ताकियोनं एकदा न्यायाधीशबाईंकडे पाहिलं, एकदा नातीकडे. मग त्यानं प्रूइटकडे बघून उजवा डोळा मिचकावला. हळू आणि नीट, लांबच्या टेबलावरूनही दिसावा असा.

"हे मी काय लिहू?" नोंद घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

"साक्षीदारानं डोळा मिचकावला, असं लिहा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. खोलीत मोठ्यानं हसणारा माणूस रामोन निघाला. तो स्वतःच दचकला.

"एक राहिलं. प्रत्येक जनावर विकायला आहे असं तुम्ही म्हणालात. तेही बदलायचंय?"

नेकानेनं पेन खाली ठेवलं. कोंचा विकायला नाही म्हणाले तर धंदा संपला. यूस्ताकियोनं मांडीवरच्या टोपीची कड दोनदा फिरवली.

"ते राहू द्या," तो म्हणाला. "ते खरं आहे."

मग फेलिसाला साक्षीसाठी बोलावलं. खुणांबद्दल न्यायाधीशबाईंनी तिला सगळ्यांसमोर अशी झापली की बेगोन्याच्या डोळ्यांचं पारणं फिटलं. नेकानेचे तयार केलेले प्रश्न केव्हाच निरुपयोगी झाले होते. तिनं कागद पालथे ठेवले.

"आजी, आजोबा गाढवं हौसेनं पाळतात की धंदा म्हणून?"

"पन्नास वर्षं त्यानं मेंढ्यांचा धंदा केला. पैसा मिळाला आणि हा एकदाही हसला नाही," फेलिसा म्हणाली. "मग गाढवांचा धंदा केला. प्रत्येक जत्रेत पाटी लावून उभा राहिला. परत आलेलं प्रत्येक गाढव मेंढ्यांत बांधून पुन्हा शिकवलं, दुसऱ्याला दाखवलं. हौस असती तर घरी बसला असता ना त्यांना घेऊन? त्याला धंदाच करायचा आहे. फक्त येत नाही. येत नाही म्हणून करत नाही असं कसं म्हणता तुम्ही?"

सरकारी वकिलाला पुढे काही विचारायचं नव्हतं.

*

लेखी निकाल वॉशिंग्टनहून महिन्यांनी येतो, असं नेकानेनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पण दुपारच्या जेवणानंतर न्यायाधीशबाईंनी तो तिथेच वाचून दाखवला. धंदा करणाऱ्यानं दुःखी असावं असं संसदेनं कुठेही लिहिलेलं नाही, त्या म्हणाल्या. वाईट धंदा हाही धंदाच असतो. आणि प्रत्येक जनावर विकायला आहे असं या माणसानं सांगितलं, बाकी सगळं बदलायची मुभा असतानाही तेवढं बदललं नाही, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवते.

बाहेरच्या मार्गिकेत बेगोन्यानं सगळ्यांचे मुके घेतले, चुकून एका पहारेकऱ्याचाही. रामोननं बापाच्या पाठीवर हात ठेवला. कसा ठेवायचा ते न कळून थोपटला, गाढवाला थोपटतात तसा. म्हाताऱ्याला ते आवडलं असावं. "ट्रकवाल्याला नको म्हणून कळवलंस ना?" त्यानं विचारलं, आणि रामोनचे कान लाल झाले. म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं.

तेवढ्यात प्रूइट आला. चष्मा हातात, वकिलीचा आवाज आत कुठेतरी ठेवून आलेला.

"आतापर्यंत तुमच्याशी हवापाण्याबद्दलही बोलता येत नव्हतं मला," तो म्हणाला. "माझी आई उरिआर्ते, तुमच्यासारखीच बास्क. एल्कोला असते, एकटी. मामा गेल्यापासून तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला कुणी नाही. आम्हा भावंडांना येत नाही. मला फक्त पत्ते येतात." त्यानं चष्मा पुसला. "मी विकत घेऊ शकत नाही, नियमात बसत नाही. पण ती घेऊ शकते. जागा आहे, चारा आहे. आत्ताच फोनवर बोललो. ती म्हणाली, जिला भाषा कळते ती हवी."

जिला भाषा कळते ती कोण, हे त्या मार्गिकेत सगळ्यांना माहीत होतं.

"बाबा," रामोन घाईघाईनं म्हणाला. काल रात्रीपर्यंत ट्रक बोलावणारा हाच माणूस. "दुसरं कुठलंही द्या. एखादं तरुण देऊ या."

"तरुणांना नीट भाषा येत नाही," यूस्ताकियो म्हणाला.

रामोननं मान खाली घातली. नेकानेनंही. बेगोन्याला या वेळी हसू आलं नाही.

"खोगीर नको तिला," यूस्ताकियो प्रूइटला सांगू लागला. "टोपी चालते. सकाळी आधी तिची विचारपूस करायची, मग चारा. उलट केलं तर दिवसभर फुगून बसते. आणि आईला म्हणावं, थांबून थांबून बोल. तिला मध्ये बोलायला आवडतं."

"तुमची तयारी असेल तरच," प्रूइट म्हणाला. "कोर्टाचं कोर्टात संपलं."

"तयारी काय असायचीय? विकायचीच होती," यूस्ताकियो मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "धंदा आहे."

मग तो फेलिसाकडे वळला आणि त्यानं दोन्ही डोळे मिटले. ते त्यानं लवकर उघडले नाहीत. पुढे जिना होता, म्हणून फेलिसानं त्याचा हात धरला.